महामारी, दाढदुखी आणि थांबण्याचा न्याय

महामारीचे तात्त्विक कोडे चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात शिष्य अग्निवेशाने गुरू आत्रेयांपुढे ठेवले आहे. माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, वय वेगळे. मग एकाच रोगाने, एकाच वेळी गावेच्या गावे कशी ओस पडतात? आत्रेयांच्या मते हवा, पाणी, भूमी आणि काळ या चार गोष्टी सर्वांच्या सामाईक असतात. त्या बिघडल्या की प्रत्येकाचे पथ्य-कुपथ्य बाजूला पडते. बिघाडाच्या मुळाशी अधर्म असतो, आणि तोही आधी देशाच्या व नगराच्या प्रमुखांचा. प्रजा मागून जाते. ज्याचे भोग त्याने भोगावेत ही सोयीची समजूत येथे पुरी पडत नाही. त्याच अध्यायात पुढे, आयुष्य आधीच ठरलेले असेल तर औषधाला अर्थ काय, असाही प्रश्न निघतो आणि दैवाइतकेच माप पुरुषार्थाच्या पदरात पडते.

दाताचा हिशेब मात्र समाज अजूनही एकेकट्याच्या खात्यावर मांडतो. दंतधावन हा धर्मशास्त्राने नेमून दिलेला नित्यविधी आहे. करंज, रुई, अर्जुन यांच्या काड्या चरकानेही सांगितल्या आहेत. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीच्या मुसलमान वस्तीत मिस्वाकच्या काडीने दात घासणे ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, मानली जाते. शुचिता ही स्वतःची जबाबदारी ठरल्यावर किडलेली दाढ हा स्वतःचाच दोष ठरतो: गोड खाल्ले, मशेरी लावली, आता सोसा. शिवाय दाढदुखीने कोणी मरत नाही, हे वाक्य घरोघरी तयार असते. ते खरे नाही. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि गळ्यात उतरला तर श्वास कोंडून माणूस दगावू शकतो.

2020 साली कोरोनाच्या साथीत ही खासगी बाब अचानक सार्वजनिक झाली. दात कोरणारे एअररोटर आणि दात साफ करणारे अल्ट्रासॉनिक यंत्र पाण्याचा बारीक फवारा उडवतात, त्यात रुग्णाची लाळ मिसळते आणि तो तुषार बंद खोलीत तरंगत राहतो. मुखपट्टीमागचा नीतिविचार असा की ती लावणारा स्वतःबरोबर दुसऱ्यालाही जपतो. जैन साधूंची मुहपत्ती तर दुसऱ्या जिवांसाठीच असते. दंतवैद्याच्या खुर्चीत मात्र हे कर्तव्य पाळताच येत नाही. रुग्णाने तोंड उघडल्याशिवाय उपचार नाही, आणि वैद्याचा चेहरा त्या तोंडापासून वीतभर अंतरावर. म्हणून 19 मे 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: प्रतिबंधित क्षेत्रात दवाखाने बंद, रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार. ठाणे जिल्हा तेव्हा रेड झोनमध्ये होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, समाजात संसर्ग पसरलेला असेल तेथे नेहमीचे दंतोपचार पुढे ढकलण्याचा सल्ला दिला.

सूचना शहाणपणाच्या होत्या. प्रश्न उरतो तो ‘तातडीचे’ कशाला म्हणायचे याचा. सूज, ताप, न थांबणारा रक्तस्राव, जबड्याचा अस्थिभंग हे तातडीचे. थंड पाणी लागल्यावर ठणकणारी दाढ थांबू शकते. पण दाढ थांबली तरी कीड थांबत नाही. जिचे मार्चमध्ये सिमेंट भरून भागले असते, तिला पावसाळ्यात रूट कॅनॉल लागते आणि दिवाळीपर्यंत ती काढावी लागते. पुढे ढकलणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. ते एका उपचाराऐवजी दुसरा, अधिक नुकसानीचा उपचार निवडणे असते.

भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावी ही निवड अधिक कठोर होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधारणपणे दंतवैद्याचे पद नसते. ते ग्रामीण रुग्णालयापासून वर. एसटी आणि लोकल बंद असताना शहर गाठायचे कसे? आणि भिवंडी शहरातील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय तेव्हा कोरोनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवलेले होते. उरते ती दाढेत धरलेली लवंग आणि औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. ओळखीच्या डॉक्टरला फोन करून प्रतिजैविक लिहून घेणारा शहरातला पगारदार आणि मजुरीवर जगणारा शेतमजूर, दोघांनाही एकच नियम लागू झाला. समान नियम हा समान भार असतोच असे नाही, ही न्यायशास्त्रातली जुनी गोष्ट येथे गालाच्या सुजेवरून दिसते.

वैद्याच्या बाजूनेही कर्तव्याचा पेच आहे. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले, आणि तो त्याग आदर्श मानला जातो. परंतु संसर्ग झालेला दंतवैद्य एकटा मरत नाही. पुढच्या प्रत्येक रुग्णापर्यंत तो रोग नेऊ शकतो. अशा वेळी दवाखाना बंद ठेवणे भित्रेपणा ठरत नाही, मात्र रुग्णाला वाऱ्यावर सोडणे ठरू शकते. फोनवरून तपासणी आणि हाताच्या अवजारांनी, फवारा न उडवता केलेले उपचार हा त्यातला मधला मार्ग होता.

सर्वांत अवघड उदाहरण 2021 च्या दुसऱ्या लाटेतले आहे. म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचा महाराष्ट्राला मोठा तडाखा बसला. वरच्या दाढांची मुळे गालामागच्या पोकळीला लागून असतात. बुरशी तेथे शिरली की किडीचा मागमूस नसलेले दात खिळखिळे होतात, गाल बधिर होतो, टाळूवर काळा डाग दिसतो. त्यामुळे अनेकदा पहिली शंका दंतवैद्यालाच येते. रुग्ण बहुधा मधुमेही, आणि नुकताच स्टेरॉइड घेऊन कोरोनातून उठलेला. ज्या औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे जून 2020 मध्ये दिसले, तेच औषध गरजेपेक्षा अधिक दिले गेले तेव्हा बुरशीला वाट मोकळी झाली. हेतू शुद्ध असला म्हणून परिणामाची जबाबदारी संपत नाही. वरचा जबडा काढलेल्या माणसाचा घास नाकात जातो, बोलणे नाकात घुमते. टाळूचे भोक बुजवणारी कृत्रिम पट्टी बसवली की तो लोकांत जेवायला बसू शकतो. त्याच्यासाठी महामारी 2021 मध्ये संपलेली नाही.

आत्रेयांचे उत्तर या सर्वाला लावले तर एक गोष्ट निघते. एखाद्याला सर्वांच्या भल्यासाठी थांबवले असेल, तर त्याच्या नुकसानीचे ऋण सर्वांवर चढते आणि प्रमुखांवर आधी. दवाखाने पुन्हा उघडताना जे आधीपासून ताटकळत होते त्यांना आधी बोलावणे, खुर्ची गावापर्यंत नेणे, हे मग दान राहत नाही. ती फेड होते. काही फेड अपुरीच राहणार. भरून वाचली असती ती दाढ काढली गेली, तर तिच्या जागी कृत्रिम दातच बसू शकतो, आणि त्याचा खर्च बहुतेकदा रुग्णाच्याच खिशातून होतो.