निशाणी अंगठा

आमच्या लहानपणी एखाद्याला ‘अंगठेबहाद्दर’ म्हटले, की त्याची मान खाली जात असे. सही करणारा तो शहाणा आणि अंगठा उठवणारा तो अडाणी, अशी जगाची सरळ वाटणी होती. आज मात्र प्राध्यापकापासून पेन्शनरापर्यंत सगळेच निमूटपणे यंत्रावर अंगठा टेकतात. आणि दैवाची थट्टा अशी, की ज्यांच्याजवळ अंगठ्यावाचून दुसरी सही नव्हती, नेमके त्यांचेच अंगठे आता उमटत नाहीत.

हे मला उमगले ते आमच्या तेलगावात. धारूर तालुक्यातल्या या गावाला साखर कारखाना आहे. तरी या भागातली कितीतरी कुटुंबे दरसाल ऊस तोडायला कोल्हापूर-सांगलीकडे, थेट कर्नाटकापर्यंत जातात. त्यांतल्याच शेजारच्या एका मावशींबरोबर मी आधार कार्डाच्या कामाला गेलो होतो. रेशनच्या दुकानात त्यांचे बोट जुळेना, म्हणून ठसे नव्याने द्यायचे होते. केंद्रावरच्या मुलाने त्यांची दहाही बोटे पुसून, दाबून, पुन्हा पुन्हा काचेवर ठेवून पाहिली. शेवटी संकोचून म्हणाला, “मावशी, चार दिवस हाताला काम देऊ नका. तेल लावा आणि मग या.”

मावशी हसल्या. “लेकरा, कामाविना ठेवायला हे हात काय देवाला वाहिलेत?”

मी त्या हातांकडे पाहिले. उसाच्या पाचटाने आणि कोयत्याच्या मुठीने रेषा पार घासून नेल्या होत्या. ज्या श्रमांनी ही बाई घडली, त्याच श्रमांनी तिची खूण पुसून टाकली होती!

मग वाटले, जाळावे हे कार्ड! चार पिढ्या जिला गाव ओळखते, तिला काचेच्या तुकड्याची साक्ष कशाला? परंतु हा राग फार वेळ टिकला नाही. गाव मावशींना ओळखते म्हणजे काय? त्या कोणाची सून, कोणत्या जातीच्या, कोणत्या वस्तीवरच्या, एवढेच. मुकादमाच्या वहीत तर तेवढेही नाही. तिथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल द्यायची ती त्या कोयत्याला. नवरा गेल्यावर मावशी ‘अर्धा कोयता’ झाल्या. म्हणजे ओळख हत्याराची, आणि तीही निम्मी! आधारच्या नोंदीत मात्र जात विचारत नाहीत. तिथे त्यांचे नाव आहे, बारा आकडी क्रमांक आहे आणि तो त्यांच्या एकटीचा आहे. परमुलखात, जिथे त्यांना कोणी ओळखत नाही, तिथे हाच कागद त्यांच्यासाठी बोलतो. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावी दिले गेले. ज्यांची कुठेच नोंद नाही त्यांची नोंद व्हावी, हा त्यामागचा बोलून दाखवलेला हेतू होता. तो हेतू मला खोटा म्हणवत नाही.

मग चुकते कुठे? मला वाटते, यंत्र ठसा जुळवते आणि आपण समजतो की त्याने माणूस जोखला. ठसा जुळला नाही, एवढेच यंत्र सांगते. ‘ही ती नव्हे’ हा निकाल आपण देतो. बोट जुळले नाही तर बुबुळे पाहता येतात, मोबाइलवर ओटीपी मागवता येतो. पण त्यासाठी काचेपलीकडच्या माणसाने क्षणभर वर पाहावे लागते. पुरावा देण्याचे ओझे नेहमी दुबळ्यानेच वाहायचे, आणि तो कमी पडला तर रिकाम्या हाताने परतायचेही त्यानेच, ही रीत कोयत्याहून धारदार आहे. न्यायाचा अर्थ मला तरी एवढाच कळतो, की शंकेचा फायदा उपाशी माणसाला मिळावा.

त्या मुलाने वर पाहिले, हे सांगायलाच हवे. त्याने पुन्हा एकदा, सावकाश, एकेक बोट टेकवले, डोळ्यांचेही चित्र घेतले आणि नोंद पुढे पाठवली. ती मान्य होईल की नाही, हे कळायला काही दिवस लागणार होते.

मावशी दिवाळीनंतर कारखान्यावर जायच्या होत्या. फाट्यावर निरोप घेताना त्या, पूर्वापार सगळे म्हणतात तसे, सहज म्हणाल्या,

“बरंय गुरुजी, ओळख असू द्या.”