मोडत्या संसाराचा वकील

कौटुंबिक न्यायालयात वकिली करायचे ठरवणाऱ्या मुलामुलींना पहिली हरकत बहुधा घरातूनच ऐकावी लागते : लोकांचे संसार मोडून पोट भरायचे? प्रश्नाला बगल देऊन या क्षेत्रात जाऊ नये. विवाह हा संस्कार असेल, तर तो सोडवायला मदत करणे अधर्म ठरतो का?

मुंबईच्या उच्च न्यायालयात १८८४ मध्ये या प्रश्नाची धग जाणवली. पत्नीने नांदायला यावे म्हणून दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर दावा लावला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते आणि त्या सासरी कधी नांदल्याच नव्हत्या. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला, तशी धर्म बुडाल्याची हाकाटी उठली. ‘केसरी’ही रखमाबाईंच्या विरोधात उभा राहिला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली आणि रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

या खटल्यातला सर्वांत मोलाचा मुद्दा पिन्हेंच्या निकालात आहे. सक्तीने नांदवण्याच्या दाव्याला हिंदू शास्त्रात आधार नाही, तो इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आला, असे त्यांनी दाखवून दिले. धर्मरक्षणासाठी पेटलेली माणसे परक्या धर्मपीठाचा नियम जपत होती! इंग्लंडने तो दावा १९७० मध्ये मोडीत काढला. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून आजही आहे.

शास्त्रेही एकमुखी नाहीत. परस्परद्वेष असेल तर कौटिल्य सुटका देतो, मात्र धर्मविवाहांना ती नाकारतो. पराशरस्मृती पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगते. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत काडीमोड पूर्वापार होता, आणि रूढीने मिळणारा असा घटस्फोट १९५५ च्या कायद्यानेही राखला. संस्काराचे पावित्र्य मानणाऱ्या समाजानेच सुटकेची वाटही ठेवली होती. तेव्हा छळातून बाहेर पडू पाहणाऱ्या बाईचे किंवा पुरुषाचे वकीलपत्र घेणे हा अधर्म नव्हे.

अधर्म दुसरीकडे घडतो. लेकराला बापाविरुद्ध किंवा आईविरुद्ध पढवणे, पोटगी चुकवण्यासाठी तारखांवर तारखा मागणे, पक्षकाराने कधी न सांगितलेला छळ अर्जात रंगवणे : हे वकिलाच्या हातून होते, आणि त्याची झळ त्या घरातल्या मुलांना वर्षानुवर्षे लागते. १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा करणाऱ्यांना हा धोका दिसला असावा. त्याचे कलम १३ सांगते की वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क इथे पक्षकाराला आपोआप मिळत नाही. कलम ९ समेटाचा प्रयत्न आधी करायला लावते. त्यासाठी न्यायालयात समुपदेशक असतात.

या वकिलीकडे वळणाऱ्यांनी कलम १३ हा अपमान समजू नये. पक्षकार पहिल्यांदा समोर बसेल तेव्हा अर्जाचा मसुदा बाजूला ठेवावा, त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे आणि मुले कुणाजवळ आहेत, ती शाळेत जातात का, हे आधी विचारावे.