पदवीच्या वर्गातले पोषण-संशोधन

पोषण आणि आहारशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी जे प्रकल्प होतात, त्यांतला मोठा भाग नव्या पदार्थांचा असतो. शेवग्याच्या पानांची भुकटी घातलेली बिस्किटे किंवा नाचणीचे लाडू करायचे, वर्गातल्याच मुलामुलींना चाखायला द्यायचे, नऊ पायऱ्यांच्या हेडोनिक स्केलवर, म्हणजे आवडीनावडीच्या मोजपट्टीवर, गुण घ्यायचे आणि सरासरी काढून अहवाल बांधायचा. हे काम एका सत्रात उरकते, खर्च बेताचा येतो आणि प्रयोगशाळेबाहेर जावे लागत नाही, म्हणून ते टिकले आहे. पाककृती बसवण्याचे कौशल्य त्यातून येते, हे खरे. पण लोक काय खातात, किती खातात आणि का खातात, या पोषणशास्त्राच्या मूळ प्रश्नांना असा प्रकल्प शिवतही नाही. हे प्रश्न तर पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातलेच आहेत.

राष्ट्रीय पोषण संस्थेचा उगम १९१८ मध्ये कुन्नूरला झाला आणि १९५८ पासून ती हैदराबादला आहे. या संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे त्यातून कळते. मात्र हे तक्ते प्रामुख्याने कच्च्या मालाचे आहेत. एका घरच्या आंबिलीच्या वाटीत पीठ किती आणि पाणी किती, पिठले घट्ट की पातळ, कालवणाला तेल किती, हे त्यांत सापडत नाही. कच्च्या धान्याचा आकडा ताटातल्या घासापर्यंत न्यायचा तर स्वयंपाकघरात उभे राहून वजने घ्यावी लागतात. त्यासाठी ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, मापाच्या वाट्या आणि त्या घरात सहज बोलू शकणारे माणूस एवढे पुरते. नंदुरबार, गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातून आलेल्या विद्यार्थिनीला तिथली बोली, रानभाज्यांची नावे आणि सणवारांचा क्रम आधीपासून ठाऊक असतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला ते शिकायला वर्षे लागतात. ही तिची शास्त्रीय पुंजी आहे, आणि महाविद्यालये ती वाया घालवतात.

आहाराबद्दल नीट विचारलेल्या प्रश्नातून काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण पुण्याजवळच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. २००१ मध्ये शोभा राव आणि सहकाऱ्यांनी त्यातले आहारविषयक निष्कर्ष मांडले. गर्भवतीच्या आहारातले एकूण उष्मांक आणि प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी स्पष्ट संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या स्त्रियांची बाळे मात्र आकाराने मोठी होती. इतका महत्त्वाचा धागा ‘अमुक पदार्थ किती वेळा खाता’ या साध्या विचारणेतून मिळाला. अभ्यास अर्थातच मोठा आणि दीर्घ होता. पण त्यातले हे साधन तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवता येते.

साधन साधे असले तरी ते वापरायला सराव लागतो. चोवीस तासांच्या आहाराची आठवण विचारताना लोक मधला चहा, चिवडा, शेंगदाणे विसरतात. भाजीत तेल किती घातले ते सांगता येत नाही. महिन्याला घरात किती किलो तेल लागते आणि जेवणारी माणसे किती, हे विचारले की अंदाज बसतो. उपवासाचा दिवस निघाला तर नेहमीचा आहार कळण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते. मुलांची उंची किंवा दंडाचा घेर मोजण्यापूर्वी दोन विद्यार्थ्यांनी तेच मूल वेगवेगळे मोजावे आणि फरक तपासावा. आपल्या मापात चूक किती, हे ज्याला सांगता येते त्याच्याच आकड्यांना अर्थ असतो.

अशा मोजमापात जबाबदारीही येते. संमती आणि नैतिकता समितीची परवानगी तर हवीच. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे. अशा वेळी अंगणवाडी सेविकेला कळवून बालकाला उपचारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था आधीच ठरलेली असली पाहिजे. ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी ५’ नुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कमी वजनाची आहेत. त्यामुळे अशी मुले समोर येणारच.

संधींची दारे मात्र विषम आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. ती वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आहे. आहारशास्त्राच्या पदवीला अशी स्वतंत्र शिष्यवृत्ती मिळायला हवी. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या आणि राज्यातील विद्यापीठांचे ‘आविष्कार’ संमेलन यांचा उपयोग होतो, पण तो मोजक्यांनाच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याने चार वर्षांच्या संशोधनासह ऑनर्स पदवीत १२ श्रेयांकांचा प्रकल्प आणला, हे चांगले झाले. मात्र त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. घराघरांत चिकाटीने माहिती गोळा करण्याची कुवत गुणपत्रिकेत दिसत नाही. ही अट या विषयापुरती तरी सैल व्हावी.

तोवर विभागांना एक गोष्ट आजही करता येईल. दरवर्षी नवा विषय शोधण्याऐवजी एकच प्रश्न, उदाहरणार्थ आपल्या तालुक्यातील घरगुती पदार्थांच्या पाककृतींची वजने, सलग पाच तुकड्यांकडे सोपवावा. पद्धत एकच ठेवावी, नोंदी जपाव्यात आणि शेजारच्या महाविद्यालयांना खुल्या कराव्यात. येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रकल्पांचे विषय ठरवताना प्राध्यापकांनी याचा विचार करावा.