वडापर्यंत

घाटाच्या पायथ्याशी एक शेतकरीण राहत होती. लंगडणारं, खरूज झालेलं, कुणी सोडून दिलेलं कुत्रं दिसलं की ती घरी आणायची. गाव तिला हसायचं. आणि कुणाच्या दारात कुत्रं जखमी होऊन पडलं, की हेच गाव तिला हाक मारायचं.

एका हिवाळ्यात तिला रस्त्याकडेला एक म्हातारा कुत्रा सापडला. मेंढरं कोकणात उतरत होती, त्या कळपामागे तो राहिला असावा. दात झिजलेले, डोळ्यांवर निळसर झाक, कानांनीही कमीच ऐकू येत होतं. दहा वर्षांचा तरी असेल. तिनं त्याच्या पंजातला काटा काढला, हळद लावली. जखम भरली.

पण तिच्या अंगणात आधीच सहा तरणी कुत्री होती. ती त्याची भाकरी पळवायची. धावता धावता त्याला पाडायची. तो दिवसभर कणगीमागे बसून राहायचा. शेतकरणीनं ओळखलं, याला दुसरं घर बघायला हवं.

बाजाराच्या दिवशी तिनं चार जणांच्या कानावर घातलं. पहिला आला सावकार. त्याला वाड्यावर राखण हवी होती.

"न्या," शेतकरीण म्हणाली. "पण आधी याला त्या वडापर्यंत फिरवून आणा. मग बोलू."

सावकारानं साखळी धरली आणि निघाला. कुत्रा चार पावलं चालायचा आणि थांबायचा. सावकार साखळीला हिसका द्यायचा. दोघं लगेच परत आले. सावकाराला घाम फुटला होता. "चालतो फार हळू," तो म्हणाला, "पण आवाज दांडगा असेल, तर चालेल."

"बघते," ती म्हणाली.

दुसरा आला एक तरुण. कुत्र्याला पाहून त्याचे डोळे भरून आले. त्यालाही तिनं वडाकडे पाठवलं. दहा पावलांवर कुत्रा थांबला. तरुणानं त्याला उचलून छातीशी धरलं. कुत्र्याचं अंग थरथरू लागलं, पण तरुण वडापर्यंत गेला आणि तसाच उचलून परत घेऊन आला. मुलगा मनाचा चांगला होता, यात शंका नाही. शेतकरणीनं त्याला ताक दिलं आणि "बघते," एवढंच म्हणाली.

तिसरा आला गावचा कुंभार. तो दुपारी कुत्र्याला घेऊन निघाला. ऊन कलायला लागलं, तरी परतला नाही. शेवटी शेतकरीण शोधायला गेली. वड दूरच होता. वाटेतच एका बांधावर कुंभार बसला होता आणि त्याच्या पायाशी कुत्रा झोपला होता.

"काय झालं, दादा?"

"काही नाही, ताई. तो बसला, म्हणून मीही बसलो."

"वडापर्यंत गेलाच नाहीत?"

"त्याला जायचं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी ती कुंभाराचं घर बघायला गेली. जमीन शेणानं सारवलेली होती, पाय घसरायची भीती नव्हती. दाराला उंबरा होता, पण पायरी नव्हती. कुंभार आणि त्याची बायको दिवसभर घरीच. आणि अंगणाच्या कडेला आवा होता. थंडीत आखडणाऱ्या सांध्यांना त्याची ऊब मिळणार होती. शेतकरणीनं कुत्रा दिला आणि त्याची घोंगडीही दिली. "धुऊ नका," ती म्हणाली. "त्याला तिचा वास ओळखीचा आहे."

तिसऱ्या दिवशी कुंभार दारात आला. शेतकरणीच्या काळजात धस्स झालं. कुत्रा परत करायला आलेली माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती.

"तो पाणी पितो, पण जेवत नाही," कुंभार म्हणाला. "तुमच्याकडे त्याची ताटली कुठं असायची?"

"कणगीच्या मागे, भिंतीला लागून."

कुंभार आल्या पावली परत गेला. त्यानं एक मोठा रांजण भिंतीजवळ सरकवला. त्याच्यामागे दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली आणि स्वतः चाकावर जाऊन बसला. संध्याकाळी ताटली रिकामी होती. पुढे ती ताटली त्यानं तिथून कधी हलवली नाही. डोळ्यांनी अधू असलेला जीव, जागा लक्षात ठेवूनच वावरतो.

ही गोष्ट सावकाराच्या कानावर गेली. तो रागावून आला. "बाई, माझा वाडा सोडून त्या कुंभाराची झोपडी बरी वाटली तुम्हाला?"

"सावकार," ती म्हणाली, "म्हाताऱ्या जिवाला घर द्यायचं, तर त्याच्या चालीनं चालावं लागतं. ते कुंभाराला जमलं."

सावकार काही बोलला नाही. मग शेतकरणीनं आपल्या सहा कुत्र्यांतलं सगळ्यात दांडगं त्याच्या हाती दिलं. ते वडापर्यंत सावकारालाच ओढत घेऊन गेलं. आता ते रात्रभर वाड्यावर भुंकतं. शेजारी वैतागलेत, पण सावकार खूश आहे.