कंदाचे चित्र

वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांतील चित्रे खरी असतात असे आपण गृहीत धरतो. पण त्यांचा खरेपणा कोणत्या जातीचा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. आपल्याकडचा रानकांदा घ्या. ऐन उन्हाळ्यात, अंगावर एकही पान नसताना, त्याचा फुलोरा जमिनीतून वर येतो. पाने फुटतात ती पावसाळ्यात. शास्त्रीय चित्रात मात्र कंद, पाने, फुले आणि बोंडे एकाच कागदावर नांदताना दिसतात. असा रानकांदा रानात कोणालाही आढळावयाचा नाही. तरीही त्या चित्रास खोटे म्हणण्यास आमचे मन धजत नाही. चित्रकाराने वर्षभराची हकीकत एका पानावर आणली आहे, इतकेच.

उस्ताद मन्सूरचा मार्ग निराळा. जहांगीर बादशहा १६२० साली काश्मीरात होता. तेथील फुलांची गणती करणे अशक्य, आणि मन्सूरने चितारलेली फुलेच शंभराहून अधिक आहेत, अशी नोंद त्याने आपल्या आत्मवृत्तात केली आहे. त्यांतली फारच थोडी आज उरली. एक लाल ट्यूलिप मात्र अलीगढ विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे, म्हणजे दिल्लीकरांना तसा हाकेच्या अंतरावर. ट्यूलिप ही कंदवर्गीय वनस्पती. पण या चित्रात कंद नाही. तो मातीत आहे, आणि मन्सूरने त्याला तेथेच राहू दिले आहे.

कंद दाखवावयाचा तर झाड उपटावे लागते. पॅरिसमध्ये १८०२ ते १८१६ या काळात रेदुतेचा लिलीवर्गीय वनस्पतींचा आठ खंडांचा चित्रसंग्रह निघाला. त्यातील कित्येक चित्रांत कंद आहेत, आणि त्याला सबळ कारण होते. या वनस्पती मांसल. दाबून वाळवल्या की त्यांचा आकार आणि रंग नाहीसा होतो. तेव्हा टिकाऊ पुरावा उरतो तो चित्राचाच. एक झाड उपटल्याने पुढील शंभर अभ्यासकांना उपटावे लागणार नसेल, तर तो व्यवहार आम्हांस न्याय्य वाटतो. मात्र उपटलेल्या झाडाचा हिशेब कोठेतरी राहावा. ज्याला ज्ञान मिळाले त्याने त्याची किंमत दुसऱ्याने दिली हे विसरणे आम्हांस क्षम्य वाटत नाही.

आणि किंमत झाडानेच दिली असे नाही. पुण्याजवळ दापुडी येथील सरकारी वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या वर्षांत एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे काढवून घेतली. ती १७२ चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत. गिब्सनचे नाव सर्वांस ठाऊक. चित्रकाराचे कोणासही नाही. टिपणी एकाची आणि सही दुसऱ्याची हा प्रकार आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको! मन्सूरला बादशहाने ‘नादिर-उल्-अस्र’ म्हटले. त्याच्याहून दोन शतकांनी अलीकडचा हा माणूस मात्र निनावी राहिला. मोगल दरबाराला जे सुचले ते कंपनी सरकारच्या दप्तराला सुचू नये, याचे नवल वाटते.

राहता राहिली दिल्ली. फेब्रुवारीत शांतिपथावर ट्यूलिपचे ताटवे फुलतात. त्यांचे कंद बहुतांशी हॉलंडहून येतात. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी कित्येक आठवडे थंडी लागते. ती त्याला अगोदर कृत्रिम रीतीने दिलेली असते. फुलण्यासाठी लागणारे अन्नही तो बरोबर घेऊन येतो, आणि त्या शिदोरीवर येथे एक वसंत साजरा करतो. मग उन्हाळा येतो. मायदेशी जुन्या कंदाच्या जागी नवे कंद पोसले जातात आणि पुढील वर्षी फुलतात. दिल्लीच्या उन्हात त्यांना ती फुरसत मिळत नाही. पुढल्या वर्षी पुन्हा नवे कंद मागवावे लागतात.

बदलीच्या गावी घर मांडणाऱ्यांना ही शिदोरी ओळखीची वाटेल. आपण बरोबर आणलेले आपल्याला पुरते, मुलांना पुरेल काय, ही शंका आमच्यापैकी पुष्कळांच्या घरात अधूनमधून बोलली जाते. येथल्या ट्यूलिपचे चित्र मन्सूरच्या रीतीने काढले तर कंद दिसणार नाही. रेदुतेच्या रीतीने काढले तर कंद दिसेल, पण तो पुढील वर्षी फुलणार नाही हे दिसणार नाही. प्रामाणिक चित्रकाराने मग शेजारी हॉलंडच्या खोक्याचेही चित्र काढावे काय?