पाणी बाटत नाही, पाणी मालकीचं होतं

पावसाळ्यात कपिलधारला जा. मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या कड्यावरून धार कोसळते. तिथंच मन्मथस्वामींची समाधी. धारेखाली जो उभा राहील त्याच्या डोक्यावर ती सारखीच आदळते. पोराला जात विचारत नाही. निदान पाणी तरी विचारत नाही. आपले वक्ते असलं काही बघितलं की लगेच म्हणतात, पाण्याला जात नसते. टाळ्या पडतात. दोस्तांनो, वाक्य खरं आहे. पण पुरेसं नाही.

खरं कसं, ते बघा. हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक. देवळातल्या तीर्थात तेच, आपल्या रांजणात तेच. मीठ, साखर, कितीतरी क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून तर मुळानं शोषलेलं पानापर्यंत चढतं आणि खाल्लेलं रक्तातून अंगभर फिरतं. माणसाच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच. म्हणजे आमच्या शिवण्यानं पाणी बाटलं म्हणून बोंबलणारा स्वतःच एक चालताबोलता रांजण! पाण्यात पटकीचे जंतू शिरतात, माणसं मारतात. जात काही त्यात विरघळत नाही.

पण महाडच्या सनातन्यांना हे ठाऊक नव्हतं, असं समजायचं कारण नाही. चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत होती, ते त्यांना चालत होतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ओंजळ भरली, तेव्हा मात्र त्यांनी पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळं शुद्ध करून घेतलं. शेणमुतानं शुद्ध! यावर आपण हसतो. हसावंच. पण पुढं त्यांनी कोर्टात काय मांडलं, हे फार थोडे सांगतात. त्यांनी दावा लावला की तळं स्पृश्यांच्या खाजगी मालकीचं आहे. रस्त्यावर धर्म, कोर्टात मालकी. तो दावा हायकोर्टात हरायला 17 मार्च 1937 उजाडलं.

आणि बाबासाहेबांनी तर डिसेंबर 1927 मध्येच बजावलं होतं की या तळ्याच्या पाण्यावाचून आपण मरत नाही, आपण माणूस आहोत हे ठरवायला इथं आलोत. म्हणजे भांडण तहानेचं नव्हतंच, हक्काचं होतं.

आता सार्वजनिक विहिरी, तळी, घाट संविधानाच्या कलम 15 नं खुले केले. पण ज्याच्या रानात बोअर, त्याचं काय? कपिलधारची हीच धार खाली वाहत जाते, काळ्या खडकाच्या भेगांत मुरते. भेगेला बांध कळत नाही. कायद्याला कळतो. आपल्या रानाखालचं पाणी उपसायचा जमीनवाल्याचा हक्क इंग्रजांच्या 1882 च्या ईझमेंट कायद्यानं मानला. पुढं राज्यानं 1993 आणि 2009 साली भूजलाचे कायदे केले, काही बंधनं घातली. तरी ज्याला रानच नाही त्याच्या नावावर एक घागरसुद्धा चढली नाही. आता कुणाला अस्पृश्य म्हणायची गरजच काय? सातबारा पुरे.

बीडचा माणूस कोयता घेऊन ऊस तोडायला जातो. वर्षभर पाणी पिऊन वाढलेला दुसऱ्याचा ऊस. उन्हाळ्यात गावी परत येतो आणि त्याची बायको टँकरपुढं घागरी मांडते. हे नशीब नव्हे. ही वाटणी आहे, माणसांनी केलेली, तेव्हा माणसांना मोडता येते.

मोडून दाखवलीय. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी सत्तरीच्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिथं पाणी एकरावर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं ठरलं. भूमिहीनालाही हिस्सा. उसाला बंदी. यावर कुणीही विचारील, जमीन नाही त्याला पाणी कशाला? अरे, पाण्याचा हिस्सा हातात असला की तो कोरडं रान बटईनं धरू शकतो. रान मालकाचं, पाणी याचं. मग तो त्या बांधावर रोजंदारी मागायला जात नाही, पीक किती आणि वाटा किती ते बोलायला जातो.