नाव ठेवण्याची घाई

आमच्या नाशिकच्या पंचवटीत राक्षस सुवर्णमृग होऊन आला आणि रावण भिक्षेकरी होऊन. वाईट हे चांगल्याचे रूप घेऊन येते, हा धडा आपण त्या कथेतून घेतला. पण कमी वाईट हे अतिवाइटाचे रूप घेऊन दारात उभे राहिले, तर काय करावे?

वैद्यकात असे एक सोंग आहे. उतारवयातल्या माणसाला कावीळ होते, अंग खाजते, वजन उतरते. स्कॅनमध्ये यकृतातून पित्त आणणारी नळी आवळलेली दिसते. तो कर्करोग असू शकतो. क्वचित ती नुसती सूजही असते. शरीराची राखणदार शक्तीच घरच्या माणसाला चोर समजून बडवू लागते, त्याची सूज. कर्करोग वेळीच सापडला, तर नळी कापून काढायची, कित्येकदा यकृताच्या भागासकट. सूज मात्र स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बहुधा काही आठवड्यांत उतरू लागते. मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर काढलेल्या भागात कर्करोग नव्हताच, असेही घडलेले आहे.

२००१ साली जपानमधील मात्सुमोतोच्या डॉक्टरांना स्वादुपिंडाच्या अशाच सुजेत रक्तातले आयजीजी-४ हे प्रथिन वाढलेले आढळले. पुढे पित्तनलिकेच्या सुजेलाही ती खूण लागू पडली. पण खूण म्हणजे खात्री नव्हे. काही कर्करोग्यांतही ते प्रथिन वाढते. आणि नळीतून काढलेल्या कणभर तुकड्यात कर्करोग दिसला नाही, म्हणून तो नाहीच असेही नाही.

घाईने कापावे, तर निरपराध्याला शिक्षा. नुसती वाट पाहावी, तर चोराला मोकळे रान. आणि आपण नातेवाईक दारातच उभे: ‘डॉक्टर, एकदाचे काय ते नाव सांगा!’ बारशालाही आपण नाव ठेवतो आणि निंदा करतानाही नावे ठेवतो. ‘कॅन्सर’ हे नाव घरात शिरले की दोन्ही अर्थ एकदम लागू होतात; जित्या माणसाकडे घर गेलेल्यासारखे पाहू लागते.

मला वाटते, संशय हा सद्गुण आहे, पण मुदतीचा. तुकडा पुन्हा तपासावा, स्वादुपिंड पाहावे, तज्ज्ञांनी एकत्र बसावे. कर्करोग नाही याची शक्य तेवढी खातरजमा करून मगच गोळ्या द्याव्यात. ठरल्या दिवशी पुन्हा पाहावे, आणि नळी मोकळी होत नसेल तर आपला अंदाज सोडून द्यावा.

‘अजून नक्की कळलेले नाही’ हे डॉक्टरांचे वाक्य आपल्याला अज्ञान वाटते. कित्येकदा तो त्यांचा प्रामाणिकपणा असतो. नाव कळेपर्यंत रोग्याजवळ नुसते बसणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.